मडकीच्या पोटातली बिअर

डोंगर अजून रांगेत बसायला शिकले नव्हते, तेव्हाची गोष्ट. "मधाच्या चवीची बिअर घरी करावी तर मीच!" झिपरू अस्वल म्हणाला. "अजून एकदाही केलेली नाही, एवढंच."

आठ दिवसांनी सासूबाई ती चाखायला येणार होत्या. झिपरूने मोड आलेले सातू भाजून भरडले, उकळले, निवल्यावर खमीर आणि मध घातला आणि सगळं मडकीत ओतलं. मधाचा वास शेजारच्या अस्वलांना लागू नये म्हणून त्याने मडकीचं तोंड चिकणमातीने गच्च लिंपलं.

दुसऱ्याच दिवशी मडकीच्या पोटात कळा सुरू झाल्या. "झिपरूदादा, आत वारा कोंडलाय. काडीएवढं भोक ठेव रे, नाहीतर फुटेन मी!"

"वास जाईल," म्हणत त्याने वरून आणखी एक थर दिला.

मडकी रोज विनवायची, झिपरू रोज लिंपायचा. बिअर कशी होतेय हे त्याने खारीला विचारलं, सुतारपक्ष्याला विचारलं, अगदी गोगलगायीलाही विचारलं. जिच्या पोटात ती होत होती, तिला तेवढं विचारलं नाही. मडकी अगदी विटून गेली.

आठव्या दिवशी सासूबाई कौतुकाने वाकल्या आणि फाट्‌कन मडकीचा काठच उडाला. सासूबाई कानापर्यंत फेसाने माखल्या.

"मडकीच कच्ची निघाली हो, सासूबाई!" झिपरू घाईघाईने म्हणाला.

"असं?" तडकलेली मडकी म्हणाली. "मग आता पोटभर जेव, नाकातोंडाला चिकणमाती लिंपून घे आणि आठ दिवस बस. नाही फुटलास, तर मी कच्ची!"