उरलेले नऊ भाग

"मग उरलेले नऊ भाग जागे करायचे कसे, बुवा?"

विचारलं खरं, पण उत्तराला न थांबता यशोधर पुढं बोलतच राहिला. बोलण्यात तो पहिल्यापासून पटाईत. माणूस मेंदूच्या दहा भागांतला जेमतेम एक वापरतो, बाकीचे नऊ जन्मभर निजलेले असतात, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. तेवढ्यावर त्यानं शहरात शिबिर काढलं होतं. उद्या सकाळी पहिलं व्याख्यान. सभागृह भरणार याची त्याला खात्री होती, पण गुरूंच्या आशीर्वादाशिवाय व्यासपीठावर चढायला मन धजत नव्हतं. म्हणून तो प्रवरेकाठच्या मठीत आला होता.

निंबराजबुवा ऐकत होते.

एके काळी याच बुवांच्या कीर्तनाला माणसं झाडांवर चढून बसत. मागच्या वर्षी त्यांच्या मेंदूत रक्ताची बारीकशी गाठ अडकली. वाणी गेली, उजवा हात लुळा पडला. मग एकेक शब्द त्यांनी परत मिळवला, लहान मूल मिळवतं तसा.

"केवढी होती... माझी गाठ?"

"मोहरीएवढी, असं डॉक्टर म्हणाले होते."

"नऊ भाग... रिकामे ना? मग तिथं... का नाही बसली?"

यशोधर हसला. योगायोग असेल, म्हणाला. पण ते हसू त्याचं त्यालाच पटलं नाही.

बुवांनी समोरच्या पेल्याजवळ पाण्याचा तांब्या ओढला. उजव्या हातानं.

यशोधर मदतीला उठला. बुवांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो मुकाट्यानं खाली बसला.

बोटं एकेक करून तांब्याभोवती आली. बुवांनी श्वास रोखला. डावं पाऊल जमिनीत रोवलं गेलं, पाठ ताठ झाली, ओठ आतल्या आत काहीतरी पुटपुटू लागले. डोळे पेल्याच्या काठावरून हलेनात. बाहेर कुणीतरी नावाड्याला हाळी दिली, तरी पापणी लवली नाही.

तांब्या कलला. थरथरला. सावरला.

थोडं पाणी चटईवर सांडलं, आणि मग धार पेल्यात पडू लागली.

यशोधर बघतच राहिला. या माणसाच्या शब्दांवर सभाच्या सभा रडताना त्यानं पाहिल्या होत्या. पण आपले गुरू इतके मोठे आहेत, हे त्याला आजवर कधी कळलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

पेला भरला. बुवांनी तांब्या खाली ठेवला तेव्हा त्यांचा सदरा घामानं भिजला होता.

"आता सांग... यात माझा कुठला भाग... निजला होता?"



 यशोधरच्या आवाजातली ऐट कुठल्या कुठं गेली होती.

"बुवा, उद्या एवढी माणसं माझी वाट बघत बसतील. त्यांना मी काय सांगू?"

बुवांनी पेला हळूहळू त्याच्याकडे सरकवला.

"आधी... पाणी पी."