कालची बाई

सोनगिरीच्या नव्या राजवाड्याची सजावट चालली होती. दाराशी हजार वर्षांपूर्वीची पाषाणाची सुरसुंदरी उभी राहिली, जिन्यापाशी राजेसाहेबांच्या आजोबांच्या काळातली संगमरवरी परी. दिवाणखान्यात मात्र राणी मैनावतींनी सूप घेऊन धान्य पाखडणारी कांस्याची बाई ठेवली. ती त्यांनी हौसेने नुकतीच घडवून घेतली होती.

दिवाण त्र्यंबकरावांनी नाक मुरडलं. "सरकार, राजवाड्याला जुनं तेच शोभतं. ही कालची बाई गोठ्यात पाठवा."

राजेसाहेब राणीकडे वळले. "उत्तर असेल तर द्या, नाहीतर मूर्ती हलवू."

राणीसाहेबांनी शांत आवाजात विचारलं, "दिवाणजी, दाराशी आहे ती सुरसुंदरी घडून पुरी झाली, त्या दिवशी ती किती जुनी होती?"

"त्या दिवशी नवीच असणार की."

"मग तिचं नशीब थोर. ती घडवून घेणाऱ्या राजाच्या पदरी तुमच्यासारखे दिवाण असते, तर ती त्याच दिवशी गोठ्यात गेली असती, आणि आज आपल्याला मिरवायला जुनं काही उरलंच नसतं."

राजेसाहेब खळखळून हसले. "दिवाणजी, बाईला दिवाणखान्यात मधोमध बसवा. तिलाही जुनं व्हायला चांगली जागा हवी."

त्र्यंबकरावांनी मूर्ती मधोमध सरकवायला स्वतः हात लावला.