तांब्याच्या घागरीतला आवाज

एका राज्यात पूर्वी सभेचा एक रिवाज होता. प्रतिपक्षाला उत्तर देण्याआधी त्याचेच म्हणणे नीट मांडायचे. त्याने मान डोलावली, की मग आपले बोलायचे. त्या काळी सभा ऐकायला लोक शिदोऱ्या बांधून येत.

एकदा विकटमेघ मांत्रिकाने राजा वज्रबाहूला भर सभेत डिवचले. संतापात राजा रिवाज विसरला आणि किंचाळला. मांत्रिकाने तांब्याची घागर पुढे केली. राजाचा आवाज तिच्यात पडला. पुढे जो ओरडला, त्याचा आवाज घागरीत गेला. सभा ओस पडली.

राजकन्या कनकलेखा तेव्हा लहान होती. वडिलांचा आवाज आपल्याला आठवेनासा झाला, हे कित्येक वर्षांनी एके दिवशी तिला उमगले. ती तशीच ओस सभेत जाऊन उभी राहिली, तसा घागर राखणारा मांत्रिक पुढे झाला आणि बातमी कळताच लोकही जमले.

घागरीच्या काठावर बसलेली एक साळुंकी म्हणाली, "खांदे उचलू नकोस, मुली. श्वास पोटात भर, सावकाश सोड. तीन वाद जिंकलीस तर घागर फुटेल. किंचाळलीस तर तूही आत."

मांत्रिक म्हणाला, "राजा मुका झाला आणि पाऊस आला. म्हणजे त्याच्या आवाजानेच पाऊस अडवला होता."

तिने त्याचे म्हणणे जसेच्या तसे मांडले. रिवाज मांत्रिकालाही बांधील होता. त्याने मान डोलावली.

"त्याच वर्षी माझे दुधाचे दात पडले. पाऊस त्यांनी आणला काय?"

मागच्या रांगेत एक म्हातारी खुदकन हसली.

"कालची पोर! हिचे काय ऐकायचे?" मांत्रिक फणकारला.

"मी पोर, म्हणून माझे बोलणे खोटे. हेच ना?"

"हेच."

"पोरही म्हणते विस्तव भाजतो. घाला हात!"

मांत्रिक काळवंडला. "तुझा बाप भित्रा! मला राज्य द्या, नाहीतर राज्य बुडेल!"

कनकलेखाचे खांदे वर चढले. तिने डोळे मिटले, श्वास खाली उतरवला.

"तुमचे म्हणणे, वाटा दोनच."

"दोनच."

"तिसरी तुमच्या पाठीमागे आहे, मांत्रिकबुवा. वेशीबाहेर जाते."

शब्द सभेच्या शेवटच्या पायरीपर्यंत खणखणीत पोचले. घागर फुटली. अडकलेले आवाज आपापल्या गळ्यांत परतले आणि मंत्र सरलेला मांत्रिक खाली मान घालून वेशीकडे निघाला.

राजाचे केस पिकले होते. आवाज मात्र घागरीत तरुणच राहिला होता.

"लेखे," तो म्हणाला, "एवढी मोठी कधी झालीस गं?"

आणि शहाण्यासुरत्या सभेत राजकन्या लहान मुलीसारखी हमसून रडली.