शून्य मीटर आणि सात गाढवं

"मीटरवर शून्यच राहिलं पाहिजे! आणि गाडी वाघखिंड चढते की नाही, तेही कळलं पाहिजे!"

खडकनेरच्या महाराजांनी सिंहासनावर मूठ आपटली. मग हळूच फुंकली, कारण चांगलीच लागली होती.

दरबाराबाहेर ट्रकवरून उतरवलेल्या दोन कोऱ्या एसयूव्ही उभ्या होत्या. एक लाल, एक हिरवी. ना फार मोठ्या, ना फार छोट्या, आणि दोन्हींची चारही चाकं ओढणारी.

"पण महाराज, चालवून बघितल्याशिवाय..." प्रधानजी चाचरले.

"चाललेली गाडी म्हणजे जुनी गाडी! राजा जुनी गाडी घेतो होय?"

हट्टाला औषध नाही हो! पण महाराजांची अडचणही लहान नव्हती. त्यांच्या सासूबाई अक्कासाहेब खिंडीपलीकडून आठ दिवसांसाठी म्हणून आल्या, आणि दरड कोसळून खिंडीतला रस्ताच गेला. त्याला झाले तीन महिने! तेव्हापासून अक्कासाहेबांच्या हुकमाने महाराजांच्या भातावरचं तूप बंद होतं. गाडी खिंडीत बंद पडली तर अक्कासाहेब परत येणार, आणि त्याही चिडून.

लाल गाडी विकणारे चमकुरे पुढे सरसावले. "खिंड? महाराज, आमची गाडी भिंत चढते, भिंत! बंद पडणं हा शब्दच तिला ठाऊक नाही!"

हिरव्या गाडीचे ठोंबरे डोकं खाजवत म्हणाले, "आमचीपण चढते."

"कोण खरं बोलतंय ते कळायचं कसं?" महाराज वैतागले. तेवढ्यात बाहेर एक गाढव जोरात ओरडलं. "आणि प्रधानजी, लिहा! गाडी आली की त्या सगुणा कुंभारणीची गाढवं राज्याबाहेर! मेली माझा डोळा लागला की नेमकी ओरडतात!"

सगुणा दाराशीच मडकी उतरवत होती. ते ऐकून ती तशीच आत आली.

"महाराज, गाढवं गेली तर मडकी बाजारात नेऊ कशावर? पोट आहे माझं त्यांच्यावर! त्यापेक्षा असं करा. कुठली गाडी घ्यायची ते मी सांगते. तुम्ही हुकूम मागे घ्या."

"तू? चाक न फिरवता?"

"चाक नाही फिरायचं. नुसती दवंडी फिरेल!"

दरबार खदखदला. महाराजांनी डोळे बारीक केले. "दुपारपर्यंत सांग. जमलं तर गाढवं राहतील. नाही जमलं, तर गाढवांबरोबर तूही चालू लाग!"

सगुणाने लगेच दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! आज दुपारी अक्कासाहेब लाल गाडीतून वाघखिंड चढून बघणार! मग हिरवीतून चढून बघणार! गाडी ज्याची, चालवणार तोच! वाटेत अडकली, तर अक्कासाहेबांशी बोलणारही तोच!"

महाराज घाबरून सगुणाला हाक मारत राहिले. "अगं, मीटर! मीटर!" पण ती गेलीसुद्धा.

दुपारी दरबार भरला. सगुणाच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"हिरवी घ्या, महाराज."

"कशावरून?" चमकुरे ओरडले. "हिने धड चाकाला हातसुद्धा लावला नाही!"

सगुणाने कागद उलगडला. आत गुळाची ढेप होती.

"दवंडी झाली आणि घटकाभरात हे साहेब माझ्या गोठ्यात हजर! मला म्हणाले, 'बाई, हा गूळ गाढवांना घाल. दुपारी सातही गाढवं दोर घेऊन खिंडीच्या पायथ्याशी उभी कर. कुणाला बोलू नकोस.' आता भिंत चढणाऱ्या गाडीला गाढवं कशाला हो लागतात?"

"खोटं! साफ खोटं!"

"मग हा कागद वाचा, प्रधानजी."

प्रधानजींनी चष्मा लावला. "'वाट नको, रस्ता नको, फक्त आमची गाडी हवी! संपर्क: चमकुरे.'" गूळ लाल गाडीच्या जाहिरातीतच बांधलेला होता!

चमकुरे आपल्या गाडीसारखे लाल झाले. पण महाराज सहजासहजी ऐकणारे थोडेच!

"आणि हा ठोंबरे? त्याला गाढवं सुचलीच नसतील. दिसतोच तसा!"

"म्हणून मी त्यांनाही विचारायला गेले. म्हटलं, 'साहेब, गाढवं उभी करू का खिंडीत?' तर म्हणाले, 'गाढवं कशाला? मागे जागा आहे. तुमची मडकी पलीकडे पोचवायची असली तर द्या की. एक जरी फुटलं तरी भरून देईन.' वीस मडकी चढवलीत त्यांनी, महाराज! बघा जाऊन!"

सगळे बाहेर धावले. हिरव्या गाडीत वीस मडकी गवतात नीट बसवलेली होती. पुढच्या सीटवर अक्कासाहेबांसाठी उशी आणि शेजारी ठोंबरे, घामाने चिंब, थरथर कापत.

"अरे, हा तर घाबरलाय!" महाराज म्हणाले.

"घाबरलेत ते अक्कासाहेबांना, महाराज. गाडीला नव्हे!"

महाराज हसायला लागले ते थांबेनात. मुकुट घसरून नाकावर आला. मीटर बघितलं तर शून्य! एक चाक हललं नव्हतं.

"घेतली! हिरवी घेतली! सगुणे, ती वीस मडकी पहिल्या फेरीत अक्कासाहेबांबरोबर जाणार, आणि दर बाजाराला तुझी मडकी हीच गाडी नेणार!" मग त्यांनी डोळा मिचकावला. "पण मग आता तुला गाढवं कशाला?"

सगुणा गडबडली नाही.

"मला कशाला? तुम्हाला लागतील, महाराज! पुढची गाडी घ्याल, तेव्हा परीक्षा कोण घेणार?"

महाराजांनी पोट धरलं. "प्रधानजी, तो हुकूम फाडा! सातही गाढवांना दरबारी झूल आणि रोज पायलीभर हरभरे!"

इतक्यात दाराशी पुन्हा गाढव ओरडलं. शिपाई दांडकं घेऊन धावला, तसे महाराज गरजले,

"ए, गप! परीक्षकसाहेब बोलतायत!"