माखण्याचे फोर्ड

फार वर्षांपूर्वीची, शिडाच्या गलबतांच्या काळातली गोष्ट. माखणं गावच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. ओहोटीला खाडी रिकामी व्हायची आणि माणसं चालत पलीकडच्या बाजाराला जायची. पण मधेच कुठेतरी रुपण असायची. वरून अंगणासारखी घट्ट दिसायची आणि पाय पडला की माणूस गिळायची. एकदा बैलांसकट गाडी गेली, तिचं चाकही कुणाला परत दिसलं नाही, असं म्हणतात.

त्या गावात फुटल्या गलबतावरून एक गोरा माणूस वाहत आला. टॉमस फोर्ड त्याचं नाव. चांगुणा नावाच्या विधवा कोळणीनं त्याला पेज पाजून जगवलं आणि पुढे त्याच्याशीच पाट लावला. गाव चार दिवस कुजबुजलं, मग गप्प बसलं. तो तिला सांगायचा, आमच्या मुलखात फोर्ड म्हणजे नदीचा उतार, पायी पलीकडे जायची जागा. त्याचे वाडवडील अशाच उतारावर राहून वाटसरूंना पार न्यायचे, म्हणून ते फोर्ड. मग नदीनं पात्र बदललं, पोटावर पाय आला. आजा बंदराला गेला, बाप जहाजावर चढला आणि हा इथवर आला. पाण्यानं काही त्या घराण्याची पाठ सोडली नाही.

इथेही त्यानं तेच काम धरलं. ओहोटी लागली की काठीनं वाळू चाचपत पुढे चालायचा आणि घट्ट जागी निरगुडीच्या फांद्या रोवायचा. लोक पार झाले की एकूण एक फांदी उपटून आणायचा. लोक हसायचे.

"उद्या परत रोवायच्याच ना? मग हा रिकामा उद्योग कशाला, सायबा?"

"रुपण एका जागी झोपत नाय," तो म्हणायचा.

एकदा ऐन उधाणाच्या दिवसांत, ओहोटीला बाजारकऱ्यांना पलीकडे सोडून आल्यावर त्याला हिवताप भरला. फांद्या उपटायला चांगुणा गेली. पण नवरा घरी फणफणलेला, तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. एक दिवस राहिल्या तर काय बिघडतंय, असं म्हणून ती अर्ध्यातूनच परतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं किनाऱ्यावरून पाहिलं, तर बाजारकरी घरी परतायला पलीकडून खाडीत उतरले होते. दहा माणसं, आणि त्यांतच सगळ्यांच्या पुढे तिची पहिल्या नवऱ्यापासूनची आठ वर्षांची लेक येलू. फांद्या दिसल्या म्हणजे सायब येऊन गेला, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात मधली एक फांदी चांगुणेच्या डोळ्यांदेखत हळूहळू वाळूत गेली. मग दुसरी. ती ओरडली, पण वारा उलटा होता.

मागे टॉमस अंथरुणातून उठून आला होता, हातात काठी.

"धनी, मीच ठेवल्या त्या," ती म्हणाली.

तो सरळ धावत सुटला. त्यांच्यापासून वीस हातांवर तो गुडघ्यापर्यंत रुतला, मग कमरेपर्यंत. त्यानं काठी उभी धरली.

"हितं येऊ नका! समुद्राच्या अंगानं वळा!"

माणसं वळली. येलू बापाकडे झेपावत होती, तिला एका बाईनं काखेत आवळून धरलं. सगळे काठाला लागले तेव्हा वाळूवर नुसती काठी दिसत होती, आणि भरती सुरू झाली होती.

ती काठी पुढे महिनाभर पडली नाही. रुपण सरकली की काठीही सरकायची, असं म्हणतात. चांगुणा रोज तिच्याकडे बघून फांद्या रोवायची आणि संध्याकाळच्या आत सगळ्या उपटायची.

वाचलेल्या दहाही माणसांनी फोर्ड हेच आडनाव घेतलं. आज ती घरं मुंबईला, सुरतेला, पार आफ्रिकेतही पोचली आहेत. साहेबाचं रक्त त्यांतल्या एकातही नाही.

पण लग्न झालं की नव्या सुनेला अजून माखण्याला आणतात. ओहोटीच्या वेळी खाडीकाठी उभी करतात आणि सासू विचारते, "भीती वाटते का गं?" धीटपणा दाखवून कुणी नाही म्हणाली, तर तिला मुकाट्यानं घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणतात. ती हो म्हणेपर्यंत तिला फोर्ड म्हणत नाहीत.