म्हशींना हत्तीची बोली

फार वर्षांपूर्वी, आमच्या सावरखेड्यात मोटार यायच्या आधी, जहागीरदारांच्या दारात रतनकळी नावाची हत्तीण झुलायची. तिचा माहूत दस्तगीरचाचा. अंकुश त्याच्या कमरेला असायचा, पण हत्तिणीला त्यानं तो कधी लावला नाही. नुसता शब्द टाकायचा. ‘धत्त’ म्हणजे थांब. तेवढं म्हटलं की रतनकळी उचललेला पाय तसाच हवेत धरायची, असं म्हणतात. मग चाचा तिला गुळाचा खडा द्यायचा.

पुढं जहागीरदारांनी मोटार घेतली आणि रतनकळीला लांबच्या रानात लाकडं ओढायला धाडलं. चाचाला म्हणाले, “तू मोटार पुसायला राहा.”

“तिला कान कुठंयत सरकार? मी बोलू कुणाशी?” असं म्हणून चाचानं गावच्या म्हशी राखायला घेतल्या.

कमरेला अंकुश तसाच बघून बाया हसायच्या. “चाचा, हत्ती गेला आन् शेपूट ऱ्हायलं का वो?” तोही हसायचा आणि अंकुशानं त्यांना शेवग्याच्या शेंगा काढून द्यायचा.

पण दुसरी बोली त्याला येतच नव्हती. म्हशींशीही तो हत्तीचीच बोलायचा, आणि म्हशी तीच शिकल्या. घरी कुणी ‘थांब गं’ म्हटलं तर खुशाल चालू लागायच्या. गोजरा तर भांडायलाच उठली. “माझी म्हस माझंच ऐकंना! उद्यापास्नं राखाया दुसरा बघा.” चावडीवर तसंच ठरलं. चाचाची हीसुद्धा भाकरी गेली.

त्याच संध्याकाळी म्हशी घरी परतत होत्या. मागून जहागीरदारांची मोटार भोंगा वाजवत आली. म्हशी बुजल्या आणि उतारानं गल्लीत उधळल्या. गल्लीत गोजराची रांगती ठकी मातीत खेळत होती. गोजरा ओरडली, पण तिचं ऐकणार कोण? लांबून चाचानं हाक टाकली,

“धत्त!”

पुढच्या म्हशीचा खूर ठकीच्या डोक्यावर तसाच अधांतरी राहिला. असं म्हणतात, चुलीतून निघालेला धूर थांबला, वारा थांबला, आणि जिला कान नव्हते ती मोटारसुद्धा जागच्या जागी थांबली. ठकी तेवढी खुदकन हसली. गोजरानं तिला उचलून छातीशी धरलं, तेव्हा कुठं म्हशीनं पाय टेकला.

गोजरा म्हणाली, “चाचा, म्हशी तुम्हीच राखा. आन् त्यो शबुद तेवढा मला शिकवा.”

आता गावात हत्ती नाही, म्हशीही थोड्याच राहिल्यात. पण गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता झालाय आणि त्यावर मोटारी सुसाट जातात. लेकरू तिकडं धावलं की आम्ही आया आजही ‘धत्त’ म्हणतो, आणि उचललेला पाय तसाच राहतो. जीव भांड्यात पडतो. मग चाचाच्या नावानं लेकराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा.

काही लबाड पोरं तर गुळासाठीच धावतात.