पिस्त्याखालचा कानवसा

आडगव्हाणच्या उत्तरेला माळ चढून गेलं की वर एकच झाड दिसतं. लांबून पाहणारा म्हणतो, बिब्बा असेल, मोई असेल. जवळ जाऊन पान चुरडलं की बोटांना राळेचा वास येतो आणि मग माणूस अंदाज बांधायचं सोडतो. ते पिस्त्याचं झाड आहे. बासुंदीवर ज्याचे काप पसरतात, तोच पिस्ता. या मुलखात तो जगत नाही, असं शिकलेली माणसं येऊन सांगून जातात. झाडानं अजून त्यांचं ऐकलेलं नाही.

झाडापासून थोड्या अंतरावर, दगडांच्या कड्यात, तोडलेल्या झाडाचा काळा बुंधा आहे. पाणी घेऊन आलेली बाई आधी त्या मेलेल्या बुंध्याला पाणी घालते, मग जित्या झाडाला. झाड घोसांनी लगडतं, पण त्याचं एकही फळ उकलत नाही. दगडावर ठेवून फोडलं तर आत काही नसतं. असं का, ते गावात असं सांगतात.

कुण्या एका सुभेदाराला या माळावर बाग हवी झाली. त्यानं खुरासानातून माळी आणवला. नाव बहराम, गावानं त्याचा बेरामबाबा केला. ओल्या लोकरीत गुंडाळून त्यानं उंटावरून पिस्त्याची कितीतरी रोपं आणली होती म्हणे. वाटेतल्या उन्हानं बहुतेक खाल्ली. दोन जगली. पुढे सुभेदार दुसऱ्या मुलखात गेला, अर्धी राहिलेली बाग वाळली, आणि बेरामबाबाला माघारी न्यायची आठवण कुणालाच झाली नाही.

त्याच्याकडे पाणी वाहायला म्हाकू होती. गावातल्याच एका माळ्याची लेक, नवऱ्यानं टाकलेली. मूल होत नाही म्हणून त्यानं दुसरी केली आणि हिला अंगणातूनच वाट दाखवली. माहेरी गेली तर भावजयीनं दार लोटून घेतलं. मग बारवेवर घागर भरायची, माळावर न्यायची आणि तिथेच खोपीत पडायचं, एवढंच तिला उरलं. जीभ मात्र कुणी हिरावून घेतली नव्हती. बारवेवर कुणी ‘वांझ’ म्हटलं की ती भरली घागर खाली ठेवायची आणि बोलणारीच्या सात पिढ्या धुऊन मगच घागर उचलायची.

या दोघांचं लग्न झालं होतं का, हे पाहुणे हमखास विचारतात. नसेल झालं. दोघांनी मिळून एका मातीला पाणी घातलं, त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पिस्त्याला घाई नसते. तो नातवंडांसाठी लावतात, असं बेरामबाबा म्हणायचा, आणि दोघंही हसायची, नातवंड कुणाचं! पण त्यानं तिला एक गोष्ट सांगून ठेवली होती. भादव्यात फळ पिकलं की त्याचं कवच आपलं आपण उकलतं, टक् करून. त्याच्या गावी माणसं झाडाखाली गप्प बसून तो आवाज ऐकतात. झाड हसलं, असं म्हणतात. हे सांगताना तो मावळतीकडे बघायचा, आणि एरवी तोंडाला कुलूप नसलेली म्हाकू तेव्हा गप्प व्हायची.

झाडाला फळ येण्याआधीच बेरामबाबा अंथरुणाला खिळला. त्याच्या मोडक्या मराठीत तो म्हणाला, “म्हाकू, दोघांना एकमेकांच्या वाऱ्यात ठेव.”

“ठेवते.”

“आणि हसेल, तेव्हा कुणी पाहिजे. ऐकायला.”

“मी हाय की,” म्हाकू म्हणाली. “कुठं जाणार हाय मी?”

तो गेला. ‘वाऱ्यात ठेव’ हे एकट्या परदेशी माणसाचं मनातलं बोलणं, असं तिनं धरलं. त्यात बागाईतीतली काही गोष्ट असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

पुढे एका फाल्गुनात एका झाडाला तांबूस तुरे आले आणि त्यांतून पिवळी धूळ उडायला लागली. म्हाकूचं वाळत घातलेलं लुगडं पार माखलं. “मेल्या, धुतल्या लुगड्यावरच सुचलं तुला!” ती झाडावर खेकसली. त्या झाडाला पुढे काहीच धरलं नाही. धरलं ते दुसऱ्याला, चार-दोन घोस. ती भादव्याची वाट बघत बसली. पण पाटलीण धुरपदा बाया घेऊन आली आणि तिनं घोस कच्चेच ओरबाडून नेले. आतला हिरवा गर पाटलाच्या वाटीत गेला, त्याची चव गावभर सांगितली गेली. आवाज तेवढा कुणी ऐकला नाही.

“पुढल्या साली ऐकीन,” म्हाकू झाडाला म्हणाली.

त्या पुढल्या साली पाऊस फिरकलाच नाही. माघापर्यंत बारवेच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या. रंभाजी पाटलानं बारवेवर पाण्याची वाटणी केली. माणसं, मग गुरं. म्हाकू घागर घेऊन उभीच होती.

“एका झाडाचं पाणी देतो,” पाटील म्हणाला. “दोन न्हाई. कुठलं राखायचं ते तुझं तू बघ.”

धुरपदा हसली. “बघायचं काय त्यात? एक फळतं, एक नुसतंच वाढतं. जातीचं जातीला कळंलच की.”

सगळ्या बाया हसल्या. म्हाकूनं या वेळी घागर खाली ठेवली नाही, कुणाच्या पिढ्या काढल्या नाहीत. नुसतं हसणं थांबावं म्हणून ती ताठ मानेनं बोलून गेली, “वांझच हाय ते. त्याला कशाला पाणी? मुळं पसरून दुसऱ्याचं पाणी पितंय. तोडतेच त्याला.”

जो शब्द जन्मभर तिला दगडासारखा लागत आला, तो तिनं उचलला आणि दुसऱ्यावर भिरकावला. कुऱ्हाड तिनं स्वतः चालवली. बुंध्यातून चीक आला, तिच्या तळहातांना चिकटला, आणि वास आला तो बेरामबाबाच्या हातांचा. हात धुतले तरी तो पुष्कळ दिवस गेला नाही, असं सांगतात.

मृगात पाऊस लागला. राखलेलं झाड असं लगडलं की फांद्या वाकल्या. भादव्यात फळांवर लाली चढली, तेव्हा म्हाकूनं कुणाला माळ चढू दिला नाही. दिवस कलला की ती झाडाखाली येऊन बसायची. माळावर वारा असायचा, टिटवी असायची. झाड काही बोललं नाही. भादवा सरला. शेवटी तिनं एक फळ दगडावर फोडलं. रितं. दुसरं फोडलं, तेही रितं. अख्ख्या झाडाचं पीक तिनं एकटीनं फोडलं आणि टरफलांच्या ढिगाशेजारी बसून राहिली. तेव्हा तिला लुगड्यावरची पिवळी धूळ आठवली. ती धूळ वाऱ्यानं या झाडाकडे जायची. एकमेकांच्या वाऱ्यात.

ती तशीच उठून गावात आली. पारावर पाटील होता, बायामाणसं होती.

“ते वांझ नव्हतं,” ती म्हणाली. “राखलेल्या झाडाच्या पोटात गर भरत हुता तो त्याच्या धुळीनं. मला ठावं नव्हतं, आन ज्याला ठावं हुतं त्याला मी जित्तेपणी कधी इचारलं न्हाई. ज्या शब्दानं मला हाकललं, त्याच शब्दानं मी ते झाड तोडलं. आता ह्या गावात तो शब्द कुणी बोलला तर माझ्याशी गाठ हाय. आन ते झाड बोलंस्तवर भादव्यात मी बोलायची न्हाई.”

“आगं, दुसरं रोप आणू की,” पाटील म्हणाला.

“कुठनं?” तिनं विचारलं. खुरासान कुठल्या दिशेला आहे, हेही पारावर कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढची सगळी वर्षं तिनं तसंच केलं. एरवी तिखटच बोलायची, भादवा लागला की तोंड मिटायचं. बुंध्याला पाणी घालायची, की कधीतरी धुमारा फुटेल. फुटला नाही. दर साली झाड लगडायचं, दर साली रितं. माळावरून तिच्या खोपीचा धूर निघताना दिसला की गाव म्हणायचं, आहे अजून. याहून जास्त विचारपूस कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

मग धुरपदाही म्हातारी झाली. पाटील वारला, लेकांनी चुली वेगळ्या केल्या, आणि तिच्या वाट्याला गोठ्याकडची पडवी आली. एका भादव्यात ती फडक्यात भाकरी बांधून काठी टेकत माळ चढली आणि म्हाकूशेजारी जाऊन बसली.

“तू बोलू नगं,” ती म्हणाली. “मलाच बोलू दे. घरात कुणी ऐकून घेत न्हाई बघ.”

म्हाकूनं भाकरी घेतली, मोडली, अर्धी तिला परत दिली. मग धुरपदा रोज येऊ लागली. आधी फार बोलायची. हळूहळू तीही नुसती बसायला शिकली.

अशाच एका दिवेलागणीला दोघी झाडाच्या खोडाला टेकून, हातात हात धरून बसल्या होत्या. वारा पडला होता. वर पानांत टक् असा आवाज झाला. एकच.

“म्हाके, ऐकलंस?” धुरपदानं तिचा हात हलवला. हात गार होता.

त्या साली कुठून कुठला वारा आला, कुणास ठाऊक. सकाळी मातीत एकच पिस्ता सापडला, उकललेला, आत हिरवा गर. धुरपदानं तो म्हाकूच्या मुठीत ठेवला आणि मूठ मिटवली. तो पिस्ता दाखवा म्हणणाऱ्याला दाखवायला काही नाही. तो तिच्याबरोबर जळला.

म्हाकूनं ऐकलं की नाही, यावर गावात अजून दोन तट आहेत. धुरपदा मरेपर्यंत सांगायची की आवाज आधी झाला, हात नंतर गार पडला. ती पाटलीण, रेटून बोलायची सवयच तिला. पण एवढ्यापुरती तिची बाजू घ्यावी.

तेव्हापासून आडगव्हाणच्या बाया भादव्यात कानवसा घेतात. दिवस कलला की माळावर यायचं आणि झाडाखाली गप्प बसायचं. खोडाला टेकायची जागा, जिला कुणी नाही तिची. त्या जागेवर पाटलाची सूनही बसत नाही. हा वसा ना मुलासाठी, ना सौभाग्यासाठी. नुसता ऐकण्यासाठी.

आजही भादव्यात गेलात तर त्या बसलेल्या दिसतील. अंधार पडायला लागला की उठतात. उठताना पहिलीनं दुसरीला विचारायचं असतं, “आलं का गं ऐकू?”

आणि दुसरीनं सांगायचं, “न्हाई आलं. पण मी हुते.”